यूट्यूबवरील गोल्फ : दर्जा, आकर्षण आणि विश्वासाचा प्रश्न

जुलै २०२५ मध्ये ग्रँट हॉरव्हॅट या अमेरिकी तरुणाने गोल्फच्या एका मोठ्या स्पर्धेचे निमंत्रण नाकारले. पीजीए टूर ही अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फची सर्वोच्च मालिका होय. तिच्यातील 'बॅराकुडा चॅम्पियनशिप' या स्पर्धेत थेट प्रवेश देण्याची तयारी आयोजकांनी दाखवली होती. अशा प्रवेशासाठी शेकडो व्यावसायिक खेळाडू वर्षानुवर्षे पात्रता फेऱ्यांत घाम गाळतात. हॉरव्हॅट यांच्या नकाराचे कारण मात्र खेळाशी संबंधित नव्हते. स्पर्धा सुरू असताना आपल्या खेळाचे चित्रीकरण आपल्याच कॅमेऱ्याने करता यावे, अशी त्यांची अपेक्षा होती आणि टूरच्या प्रक्षेपणविषयक नियमांत ती बसत नव्हती. हॉरव्हॅट हे यूट्यूबवर गोल्फच्या चित्रफिती प्रसिद्ध करणारे लोकप्रिय निर्माते आहेत. कॅमेरा नसेल तर स्पर्धाही नको, असा हा सरळ हिशेब होता.

गोल्फचे जाणकार या घटनेने चकित झाले, तर यूट्यूबवरील गोल्फचे नित्याचे प्रेक्षक फारसे झाले नाहीत. या दोन वर्गांत गेली दहा-पंधरा वर्षे एक वाद चालू आहे. एका बाजूचे म्हणणे असे की, या चित्रफिती म्हणजे खेळाच्या नावाखाली चाललेला गोंगाट आहे. दुसऱ्या बाजूच्या मते दूरचित्रवाणीने कंटाळवाणा करून ठेवलेला खेळ याच मंडळींनी पुन्हा पाहण्याजोगा केला. दोन्ही मतांत तथ्य आहे. अडचण अशी की, 'गोल्फची चित्रफीत' या एकाच नावाखाली शिकवणी, साधनांची परीक्षा आणि मित्रांच्या संगतीतला खेळ अशा अगदी वेगळ्या गोष्टी येतात, आणि त्या सर्वांना एकाच मापाने मोजले जाते.

या चित्रफितींचे आकर्षण समजण्यासाठी आधी दूरचित्रवाणीवरील गोल्फ कसे दिसते ते पाहावे लागेल. मोठ्या स्पर्धेत शंभराहून अधिक खेळाडू चार दिवस खेळतात. मैदान विस्तीर्ण असते आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी फटके मारले जात असतात. त्यामुळे प्रक्षेपण सतत एका खेळाडूवरून दुसऱ्यावर उडी घेते. प्रेक्षकाला आघाडीवरील खेळाडूंचे ग्रीनवरचे हलके फटके दिसतात, गुणफलक दिसतो आणि मध्येमध्ये जाहिराती दिसतात. एखादा खेळाडू झाडीत सापडला, तेथून बाहेर पडण्यासाठी त्याने दोन पर्याय ताडून पाहिले, त्यांतला चुकीचा निवडला आणि पुढची दहा मिनिटे तो त्या चुकीची किंमत मोजत राहिला, ही कथा पडद्यावर क्वचितच सलग उलगडते.

ती कथा सलग पाहणारा माणूस मैदानावर एकच असतो, तो म्हणजे कॅडी. खेळाडूची पिशवी खांद्यावर घेऊन तो पहिल्या टीपासून अठराव्या होलपर्यंत सोबत चालतो. वारा कोणत्या दिशेचा, कोणती काठी निवडली, कोणती नाकारली आणि का, हे त्याला ठाऊक असते. भारतात तर कॅडीच्या या नजरेतून मोठे खेळाडू घडले आहेत. दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी म्हणून काम करता करता खेळ शिकलेले अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. यूट्यूबवरील चांगली चित्रफीत प्रेक्षकाला हीच कॅडीची जागा देते. तो खेळाडूच्या शेजारी उभा असतो, फटक्यापूर्वीचे बोलणे ऐकतो, चेंडू कुठे पडला हे बघतो आणि वाईट फटक्यानंतरचे शांत चालणेही त्याच्या वाट्याला येते. चित्रफीत उत्तम की सुमार, हे ठरवताना प्रस्तुत लेखकाला हीच कसोटी सर्वांत उपयोगी वाटते.

ही कल्पना पूर्णपणे नवी मात्र नाही. १९३० मध्ये एकाच वर्षात त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा जिंकून बॉबी जोन्स अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्त झाले आणि १९३१ मध्ये वॉर्नर ब्रदर्ससाठी त्यांनी बारा लघुपट केले. विषय होता, 'मी गोल्फ कसा खेळतो'. चित्रपटांतील नामवंत नट-नट्या त्यांत चुकीचे फटके मारत आणि जोन्स हसतखेळत त्यांना सुधारत. या करारासाठी जोन्स यांना आपल्या हौशी खेळाडूच्या दर्जावर पाणी सोडावे लागले. १९३३ मध्ये त्यांची दुसरी मालिका आली. ९० पेक्षा कमी फटक्यांत फेरी कशी पूर्ण करावी, हे तिच्या शीर्षकातच सांगितले होते. आज यूट्यूबवर 'ब्रेक ७५' आणि 'ब्रेक ५०' या नावांच्या मालिका गाजत आहेत. म्हणजे प्रसिद्ध खेळाडू, सोबत तारे-तारका आणि गाठायचा एक आकडा, हा साचा नव्वद वर्षांपूर्वीच तयार होता. १९६० च्या दशकात शेल या तेलकंपनीच्या नावाने चाललेल्या दूरचित्रवाणी मालिकेत दोन नामवंत खेळाडू जगातील एखाद्या सुंदर मैदानावर समोरासमोर खेळत. तीही याच वंशातली म्हणावी लागेल.

आजच्या पिढीच्या आरंभी इंग्लंडमधील प्रशिक्षक दिसतात. मार्क क्रॉसफील्ड हे त्यांतले अगदी सुरुवातीचे. त्यानंतर मँचेस्टर परिसरातील रिक शिल्स आणि पीटर फिंच या प्रशिक्षकांनी आपल्या सरावकेंद्रातून चित्रफिती प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. शिल्स यांची वाहिनी पुढे लाखो सदस्यांपर्यंत पोहोचली. त्यांच्या 'ब्रेक ७५' या मालिकेत ते नामांकित आणि अवघड मैदानांवर ७५ पेक्षा कमी फटक्यांत फेरी पूर्ण करण्याचा प्रयत्न करतात आणि बऱ्याचदा अपयशी ठरतात. फिंच यांनी तर ब्रिटनच्या 'ओपन' स्पर्धेसाठी पात्र ठरण्याच्या धडपडीवरच एक मालिका केली. ओपनपर्यंत ते पोहोचले नाहीत, परंतु मालिका पाहणाऱ्यांना त्याची खंत वाटली नसावी. प्रशिक्षकाचाही चेंडू पाण्यात जातो, त्याचेही हात दडपणाखाली आखडतात, हे पाहणे आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या माणसाला दिलासा देणारे असते. व्यावसायिकांच्या निर्दोष खेळात त्याला स्वतःचे प्रतिबिंब सापडत नाही, येथे सापडते.

अमेरिकेत या प्रकाराने वेगळे वळण घेतले. २०२० मध्ये 'गुड गुड' हा तरुणांचा गट स्थापन झाला. हॉरव्हॅट हेही पूर्वी याच गटात होते. पैज लावून खेळणे, हरणाऱ्याला शिक्षा करणे, एकमेकांची थट्टा करणे असा त्यांचा थाट. गोल्फच्या शिष्टाचारात वाढलेल्या माणसाला तो पोरकट वाटतो आणि काही वेळा तो पोरकट असतोही. तरीही चित्रफितीगणिक या मुलांचे स्वभाव उलगडत जातात, कोण दडपणात कोसळतो आणि कोण सावरतो हे प्रेक्षकाला ठाऊक होते, आणि मग सामान्य मैदानावरील सामान्य सामन्यालाही रंग चढतो. गावातल्या क्रिकेट संघाचा सामना आपण ज्या ओढीने पाहतो, तीच ही ओढ. मार्च २०२५ मध्ये या गटाच्या कंपनीने ४ कोटी ५० लाख डॉलरचे भांडवल उभे केले. मित्रांच्या टोळीचा उद्योग झाला तो असा.

या क्षेत्रातील सर्वांत लक्षणीय नाव मात्र एका अव्वल व्यावसायिकाचे आहे. ब्रायसन डीशँबो यांनी २०२० आणि २०२४ अशी दोनदा अमेरिकन ओपन जिंकली. पहिल्या विजयाच्या सुमारास त्यांची प्रतिमा विक्षिप्त, अतिविश्लेषण करणारा आणि संथ खेळणारा अशी होती. प्रेक्षक त्यांच्यावर फारसे प्रेम करीत नसत. २०२४ मध्ये पाइनहर्स्ट येथे अखेरच्या होलवर वाळूच्या खड्ड्यातून सुमारे ५५ यार्डांचा अप्रतिम फटका मारून त्यांनी विजेतेपद खेचून आणले, तेव्हा गर्दी त्यांच्या नावाचा घोष करीत होती. या दोन टोकांमधील बदलाचे मोठे श्रेय त्यांच्या यूट्यूब वाहिनीला दिले जाते आणि ते योग्यच वाटते. 'ब्रेक ५०' मध्ये ते एखाद्या पाहुण्यासोबत जोडीने खेळतात. दोघांनी मारलेल्या फटक्यांपैकी चांगला निवडून पुढे जायचे आणि फेरी ५० पेक्षा कमी फटक्यांत संपवायची. जुलै २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यासोबतचा भाग प्रसिद्ध झाला आणि तो गोल्फशी संबंध नसलेल्या लोकांनीही पाहिला.

पण डीशँबो यांची कल्पकता कळते ती नोव्हेंबर २०२४ मधील एका छोट्या उपक्रमात. आपल्या घराच्या एका बाजूने चेंडू मारायचा, तो छपरावरून पलीकडच्या ग्रीनवर गेला पाहिजे आणि एकाच फटक्यात होलमध्ये पडला पाहिजे. पहिल्या दिवशी एक चेंडू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, अशी रोज एकाने वाढणारी संधी. सोळाव्या दिवशी चेंडू होलमध्ये पडला. यात महागडे मैदान नव्हते की प्रतिस्पर्धी नव्हता. होता तो केवळ एक नियम, आणि तो नियम असा की, शाळकरी मुलालाही एका वाक्यात सांगता यावा. दररोज शक्यता वाढत असल्याने प्रेक्षक दुसऱ्या दिवशी परत येत. फटका मारल्यावर चेंडू दिसेनासा होई आणि तो कुठे पडला हे कळण्यासाठी घराला वळसा घालून धावत जावे लागे. गोल्फमधील सारी उत्कंठा त्या धावण्यात आली होती.

आता शिकवणीच्या चित्रफितींकडे वळू. येथे दर्जाचा प्रश्न गंभीर होतो, कारण प्रेक्षकाच्या खेळावर आणि खिशावर त्याचा परिणाम होतो. एक उदाहरण पुरेसे आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या बहुतेक नवशिक्यांचा चेंडू हवेत उजवीकडे वळून भरकटतो. या दोषाला 'स्लाइस' म्हणतात. काठी ज्या मार्गाने फिरते त्या दिशेने चेंडू निघतो आणि काठीचे तोंड, गोल्फपटूंच्या भाषेत 'फेस', जिकडे रोखलेला असेल तिकडे तो नंतर वळतो, असे जुने शिक्षण सांगत असे. डेन्मार्कच्या ट्रॅकमन कंपनीची आणि तशी इतर मोजमापाची उपकरणे आल्यावर हे उलटे असल्याचे स्पष्ट झाले. चेंडू कोणत्या दिशेने निघतो हे मुख्यतः फेसवर अवलंबून असते. त्यात फेसचा वाटा ढोबळमानाने तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक असतो. फेस आणि काठीचा मार्ग यांच्यात जो कोन राहतो, त्यामुळे चेंडूला वळण मिळते.

हे तांत्रिक वाटले तरी व्यवहारात महत्त्वाचे आहे. चेंडू उजवीकडे जातो म्हणून नवशिका आणखी डावीकडे तोंड करून उभा राहतो आणि काठीही डावीकडे फिरवतो. फेस लक्ष्याकडेच राहिला तर मार्ग आणि फेस यांतील कोन वाढतो आणि चेंडू पूर्वीपेक्षा अधिक वळतो. 'डावीकडे नेम धरा' असा दोन मिनिटांचा सल्ला देणारी चित्रफीत त्याचा रोग बळावते. चांगला प्रशिक्षक आधी चेंडू कुठून निघाला आणि मग कुठे वळला, हे स्वतः तपासायला शिकवतो. यूट्यूबवर असे प्रशिक्षक आहेत. परंतु 'एका युक्तीने २० यार्ड वाढवा' असे शीर्षक देणाऱ्यांची संख्या त्यांच्याहून कितीतरी मोठी आहे. शिवाय पडद्यावरच्या गुरूला समोरचा शिष्य दिसत नाही. ज्याला उजव्या खांद्याची सूचना हवी, तो डाव्या मनगटाची सूचना ऐकून मैदानावर जातो आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच गुरूकडे वळतो. रोग्याला न पाहता दिलेल्या औषधाचे जे होते, तेच येथे होते.

नव्या काठ्यांची परीक्षा हा आणखी नाजूक विषय आहे. दर वर्षी कंपन्या नवे ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या काठ्या, बाजारात आणतात आणि प्रत्येक नवी काठी जुनीपेक्षा लांब मारते असा दावा असतो. या खेळाचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी मात्र २००४ पासूनच ड्रायव्हरच्या डोक्याचे आकारमान ४६० घनसेंटिमीटरपर्यंत आणि फेसची लवचीकता ठरावीक पातळीपर्यंत मर्यादित केली आहे. त्यामुळे फेसच्या अगदी मधोमध बसलेल्या फटक्यात मोठी वाढ होण्यास फारशी जागा उरलेली नाही. खरी सुधारणा मधोमध न बसलेल्या फटक्यांत असते. एकच माणूस प्रत्येक काठीने आठ-दहा चेंडू मारतो आणि यंत्रावरील आकडे वाचून निकाल देतो, तेव्हा दोन काठ्यांमधील फरकापेक्षा त्याच्याच दोन फटक्यांमधील फरक मोठा असू शकतो. प्रामाणिक परीक्षक हे स्पष्ट सांगतो आणि त्याच्या चित्रफितीचा निष्कर्ष बहुधा 'फारसा फरक नाही' असा नीरस असतो. अशा निष्कर्षाला प्रेक्षक कमी, आणि काठ्या पाठवणाऱ्या कंपनीचा उत्साह त्याहून कमी. जो परीक्षक वर्षानुवर्षे एकाही काठीला वाईट म्हणत नाही, त्याच्या चित्रफिती जाहिरात समजून पाहाव्यात.

खेळाच्या चित्रफितींतही विश्वासाचा प्रश्न येतोच. संकलनात वाईट फटका सहज गाळता येतो आणि 'हा सरावाचा चेंडू होता' असे म्हणून पुन्हा मारता येतो. पंच नसतो. म्हणून प्रत्येक फटका दाखवण्याचा शिरस्ता पाळणाऱ्या वाहिन्यांना चाहते मानतात. २०२५ मध्ये अमेरिकेत निर्मात्यांची दहा लाख डॉलर बक्षिसाची एक स्पर्धा झाली. तीत साथीदाराच्या चेंडूजवळचे गवत दाबले गेल्याचे दृश्य प्रेक्षकांनी हेरले आणि समाजमाध्यमांवर मोठे वादळ उठले. टीका नियमभंगावर थांबली नाही, ती धमक्यांपर्यंत गेली. महिला निर्मात्यांच्या वाट्याला एरवीही दुहेरी अन्याय येतो. महाविद्यालयीन वा व्यावसायिक पातळीवर खेळलेल्या स्त्रीच्या चित्रफितीखालीही चर्चा तिच्या पोशाखाची होते, खेळाची नाही. आश्चर्यचकित चेहऱ्यांची मुखचित्रे आणि आरडाओरडा यांबद्दल वेगळे लिहिण्याची गरज नाही. तो दोष यूट्यूबचा आहे, गोल्फचा नव्हे.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला 'नो लेइंग अप' या अमेरिकी मंडळींची प्रवासमालिका आहे. तिचे पहिले पर्व ऑस्ट्रेलियात चित्रित झाले. मैदानाची आखणी, जमिनीचे चढउतार, त्या गावातली माणसे यांवर ते निवांत बोलतात. खेळ त्यांचा बेताचाच आहे. पण अमुक ठिकाणी खड्डा का खणला असेल, असा प्रश्न त्यांच्यामुळे पडू लागतो, ही शिकवणी शंभर युक्त्यांहून मोलाची आहे.

या सर्व मंडळींकडे पीजीए टूरने बराच काळ दुर्लक्ष केले. पुढे भूमिका बदलली. ऑगस्ट २०२४ मध्ये अटलांटा येथील ईस्ट लेक मैदानावर टूरने १६ निर्मात्यांची 'क्रिएटर क्लासिक' ही स्पर्धा भरवली. तिचे थेट प्रक्षेपण झाले आणि ल्यूक क्वॉन विजेते ठरले. मार्च २०२५ मध्ये सॉग्रास येथील अशाच स्पर्धेत हॉरव्हॅट जिंकले. दुसरीकडे सौदी अरेबियाच्या पैशावर उभी असलेली प्रतिस्पर्धी लिव्ह मालिकाही निर्मात्यांना जवळ करू लागली. २०२५ मध्ये शिल्स यांनी लिव्हशी करार केला आणि त्यांच्या चाहत्यांत दोन तट पडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वेस्ली ब्रायन यांना पीजीए टूरने निलंबित केले. ते २०१७ मध्ये टूरची एक स्पर्धा जिंकलेले खेळाडू आणि भावासह वाहिनी चालवणारे निर्माते आहेत. त्यांचा अपराध असा की, लिव्हने मायामीत योजलेल्या निर्मात्यांच्या लढतीत ते खेळले. ती लढत प्रसिद्ध झाली हॉरव्हॅट यांच्या वाहिनीवर.

टूरची बाजू समजण्यासारखी आहे. प्रक्षेपणाचे हक्क विकूनच खेळाडूंची बक्षिसे उभी राहतात. एकाला कॅमेरा आणू दिला तर उद्या प्रत्येक जण आणील. पण कॅडीच्या जागेवरून दिसणारा खेळ मात्र टूरच्या प्रक्षेपणात नाही आणि तो दाखवू शकणाऱ्याला मज्जाव आहे. बॅराकुडाच्या निमंत्रणावरून हा पेच चव्हाट्यावर आला.

भारतीय प्रेक्षकाला या वादाचे एक वेगळे अंग दिसते. ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये केवळ एका फटक्याने कांस्यपदकाला मुकली, तेव्हा देशातील असंख्य लोकांनी आयुष्यात प्रथमच गोल्फ पाहिले. त्यानंतर खेळावेसे वाटले तरी मैदाने बहुतेक सभासदांच्या क्लबांची वा लष्कराची. दिल्लीच्या लाडोसराय येथील सार्वजनिक मैदानासारखी उदाहरणे थोडी. अशा देशात अनेकांसाठी चित्रफीत हेच मैदान असते, आणि तीही बहुतांशी इंग्रजीत.

मुंबईत चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबजवळच्या वस्तीतील मुलांनी याला आपल्यापुरते उत्तर शोधले होते. क्लबात कॅडीचे काम करणारी ही मुले लोखंडी सळ्या वाकवून काठ्या बनवतात आणि घरांच्या बोळांतून प्लास्टिकच्या चेंडूने खेळतात. एरिक अँडर्स लँग यांच्या 'ॲडव्हेंचर्स इन गोल्फ' या मालिकेने त्यांचा खेळ जगाला दाखवला. बोळ अरुंद, वर पत्रे, मध्ये माणसांची ये-जा. त्यामुळे चेंडू कुठून न्यायचा याचा विचार प्रत्येक फटक्याला करावा लागतो. क्लबातल्या मोठ्या खेळाडूंचा खेळ या मुलांनी पिशवी खांद्यावर घेऊन पाहिलेला आहे.